टाकी तोंडोतोंड

चौबे कॉलोनी, रायपूर
४ ऑगस्ट २०२४

प्रिय भाऊ,

जय भीम. हे पत्र उभ्यानं वाचत असशील तर आधी खाटेवर बस.

मी गाडी घेतली. चारचाकी. पांढरी, लहानशी, पेट्रोलची. आणि ती मीच चालवते!

हसू नको. रेल्वेच्या अकाउंट्स ऑफिसात जन्मभर खुर्ची झिजवली, स्कूटीलासुद्धा कधी हात लावला नाही, हे मला माहीत आहे. यशदीपनंही तेच सुनावलं. पण रिटायर झाल्यावर पोरगा सिलतऱ्याच्या प्लांटमधून घरी येईपर्यंत मी करायचं काय? टीव्हीपुढं बसून वाटाणे सोलायचे? कॉलोनीतल्या दोघी-तिघी ड्रायव्हिंग शिकायला जात होत्या, मीही नाव घातलं. आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून दाखवला. तिथल्या साहेबानं विचारलं, "आंटी, उमर कितनी है?" मी म्हटलं, "मेरी कि गाड़ी की?" तो हसला आणि पास केलं.

यशदीप शेजारी बसतो तेव्हा वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसतो. "मम्मी, ब्रेक! मम्मी, गाय!" गाय बिचारी रस्त्याच्या पार पलीकडं बसलेली असते.

हे सगळं फोनवर सांगायचं होतं. पण मागच्या महिन्यात मी फोनवर "लायसन मिळालं" म्हणून ओरडले, तर तू म्हणालास, "लसूण? हो, इकडंही महागच आहे." इतकी वर्षं एस.टी.च्या इंजिनाशेजारी बसून तुझे कान गेले आणि मशीन तू लावणार नाहीस. मग पत्रच बरं. तसंही तुझं अक्षर पाहिलं की मला बरं वाटतं.

आता कामाचं. तुझ्यासारखा ड्रायव्हर आपल्या घरात दुसरा नाही. गाडी कशी सांभाळायची ते मला लिहून पाठव. आणि थंडीत तुला आणि वैनीला मी माझ्या गाडीतून सिरपूरला नेणार आहे. महानदीकाठचे ते जुने विहार तू अजून पाहिले नाहीस. नोकरी सुटल्यापासून तू दुसऱ्याच्या गाडीत बसत नाहीस, पोटच्या लोकेशच्यासुद्धा नाही, ते माहीत आहे. तरी सांगून ठेवते.

तुझी,
वनमाला


साकोली
११ ऑगस्ट २०२४

प्रिय वना,

जय भीम. तुझं पत्र वाचलं अन् तुझ्या वैनीले दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिनं हातातून घेतलं अन् स्वतः वाचलं. मंग मी चौकात जाऊन आमच्या पेन्शनरच्या बैठकीत सांगून आलो का माझी बहीण रायपुरात गाडी चालवून राहिली. कोणी इश्वास ठेवेना.

शाब्बास बाई! आता नीट ऐक.

सकाळी गाडी चालू केली का लगेच पळवायची नाही, तिले जरा जागी होऊ द्यायची. आरसा पाहिल्याशिवाय वळायचं नाही. हॉर्न कमी, नजर जास्त. उतारावर गेअर काढून कधीच जायचं नाही. समोरचा चूक करनारच आहे असं धरून चालायचं, म्हंजे राग येत नाही.

अन् सगळ्यात मोठी गोष्ट पेट्रोलची. अर्धी टाकी भरू नको, पूर्ण भर. अन् पूर्ण म्हंजे पूर्ण. पंपावरचे पोट्टे मध्येच हात थांबवतात अन् म्हनतात झालं. त्याहीले कंटाळा येते. त्याहीचं ऐकायचं नाही. म्हन, आणखी टाक. गाडी जरा हलवाले लाव, बुडबुडे बसतात, मंग आणखी जाते. टाकी तोंडोतोंड दिसली पायजे. डेपोत आम्ही डिझेल असंच भरत होतो अन् माझी गाडी कधी रस्त्यात उभी राहिली नाही. लोकेशच्या गाडीतपन मी उभा राहूनच भरवतो. पंप घराजवळच आहे, तो गाडी घेऊन येते अन् मी पायी जातो.

सिरपूरचं म्हनशील तं बाई, माझं वय झालं. ज्यानं सारी उमर स्टेअरिंग धरलं त्याले बाजूच्या सीटवर बसवनं म्हंजे मोठी शिक्षा आहे. तू अन् तुझी वैनी जा. ती तं आत्ताच पिशवी भरून राहिली.

काही अडलं तं लिही. कोणी विचारलं म्हंजे बरं वाटते.

तुझा भाऊ,
हिरालाल


चौबे कॉलोनी, रायपूर
१ सप्टेंबर २०२४

प्रिय भाऊ,

जय भीम. तुझं पत्र गाडीतच ठेवलं आहे. पण एक गोष्ट झाली, ती सांगते.

तू म्हणालास तशी मी टाटीबंधकडच्या एका पंपावर टाकी भरायला गेले. नळी थांबली. पोरगा म्हणाला, "ऑटो कट हो गया, आंटी." मी म्हटलं, "और डालो भैया." तो म्हणाला, "छलक जाएगा." मी म्हटलं, "छलकने दो, मेरे भाई बस चलाते थे." मग त्यानं आणखी टाकलं, मी गाडी हलवली, त्यानं आणखी टाकलं. पेट्रोल तोंडाशी चकाकताना दिसलं तेव्हा कुठं मी झाकण लावू दिलं.

गाडी चालू करते तर घर्र घर्र नुसती. चार-पाच वेळा चावी फिरवली तेव्हा लागली. पुढच्या चौकात सिग्नल हिरवा झाला आणि माझी गाडी मेली! मागं ट्रक, ऑटो, स्कूल बस, सगळ्यांचे हॉर्न. ट्रॅफिकमधली एक पोलीस बाई आली आणि एका भाजीवाल्याला सोबत घेऊन तिनं गाडी ढकलून कडेला लावली. आत पेट्रोलचा इतका वास की माझं डोकं दुखलं. अर्ध्या-पाऊण तासानं काही न करता आपोआप चालू झाली. मग किती तरी दिवस शहाण्यासारखी चालली.

परवा पुन्हा भरलं, यावेळी पचपेडी नाक्याजवळ. माझी जुनी मैत्रीण पद्मिनी अभनपूरला राहते, तिच्याकडं निघाले होते. शहराबाहेर पडले आणि तेच. घर्र घर्र, मग बंद. धानाच्या शेतांमध्ये मी एकटी, आणि एक बकरी टायर हुंगून गेली. पद्मिनीनं माझ्यासाठी चीला करून ठेवला होता, तो थंड झाला.

यशदीप फार चिडला. म्हणतो, "मम्मी, बेच दो. बीच हाईवे में बंद हुई तो?" त्याचं चुकत नाही, त्याला भीती वाटते. त्याच्या प्लांटमधल्या एकाला गाडी हवी आहे. दिवाळीच्या आत विकू म्हणतो. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत मुदत दे.

भाऊ, मला ही गाडी विकायची नाही. अभनपूरच्या रस्त्यावर ती बंद पडायच्या आधी खिडकी उघडी होती, मला हाक मारणारं कुणी नव्हतं, आणि मी मोठ्यानं गात होते. असं मी कधी केलं होतं तेच आठवेना. काय बिघडलं असेल, सांग ना.

तुझी,
वना


साकोली
८ सप्टेंबर २०२४

प्रिय वना,

घाबरू नको. गाडी विकाची नाही. यशदीपले सांग मामा जिवंत आहे.

मी दोन दिवस इचार केला. पयला संशय पेट्रोलवर. पंप बदल. दुसरा संशय प्लगवर. प्लग काढून पाह्यले लाव, काळे असतील तं बदल. तिसरं म्हंजे टाकीत हवा राहत असन. म्हनून आणखी भर. तू बाई मानूस, पोट्टे तुले फसवत असतील. हातानं खूण कर, ओरड, पन तोंडोतोंड भरल्याशिवाय हटू नको.

तुझी वैनी म्हनते, गाताना कोनतं गानं होतं ते लिही.

तुझा भाऊ,
हिरालाल


चौबे कॉलोनी, रायपूर
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय भाऊ,

जय भीम. आनंदाची बातमी! गाडी बरी झाली. वैनीला सांग, गाणं लग्नातलं होतं, हळदीचं. तिनंच शिकवलेलं.

पंप बदलूनही तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी ती ओढून गॅरेजमध्ये नेली. तिथं श्रावणी साहू म्हणून एक मुलगी आहे. आयटीआय केलेली, केसांना रुमाल बांधून गाडीखाली जाते. तिनं मला गाडीतला एक डबा दाखवला. भाऊ, तुझ्या बसमध्ये असं काही नव्हतं, म्हणून सांगते.

घागर नळाखाली धरली की पाणी आत जातं आणि आतली हवा बाहेर येते ना, तसंच टाकीचं. पेट्रोल आत आलं की टाकीत साचलेली पेट्रोलची वाफ बाहेर ढकलली जाते. पूर्वी ती तोंडातून हवेत जायची. लहानपणी आपल्याला पंपावरचा वास आवडायचा, तो हाच. तो नाकात जाणं चांगलं नाही आणि उन्हात त्याचा विषारी धूर होतो म्हणे. आता काही पंपांवर नळीच ती वाफ ओढून परत जमिनीतल्या टाकीत नेते. आणि गाडीच्या आत हा डबा असतो. डब्यात काय असेल, सांग? कोळसा! नारळाच्या करवंटीचा वगैरे, खास भाजलेला. त्याला इतकी बारीक छिद्रं असतात की मूठभर कोळशातली छिद्रं उलगडून पसरली तर आपल्या गावचं मैदान भरेल. टाकीतली वाफ त्या डब्यात येते आणि कोळशाला चिकटून बसते. मग आपण गाडी चालवू लागलो की इंजिन त्या डब्यातून हवा ओढतं, ती वाफ सुटते आणि इंजिनात जळते. काही वाया जात नाही आणि कोळसा पुन्हा रिकामा.

मी तर पाहतच राहिले. श्रावणीला म्हटलं, "ये तो फेंकने वाली चीज़ को सँभाल के रखता है." ती म्हणाली, "हव, बस इसको गीला मत करना आंटी."

आपल्या गाडीचा डबा ओला झाला होता. त्यात वाफेऐवजी पेट्रोलच शिरलं होतं. कसं शिरलं, ते असो. ओल्या कोळशातून इंजिनाला नको तितकी वाफ जायची, म्हणून ते गुदमरून बंद पडायचं. नवा डबा बसवला. प्लगही पाहून घेतले. दोन वेळा पेट्रोल भरलं, दोन्ही वेळा गाडी एका चावीत लागली. यशदीप अजून नाक मुरडतो.

तू काळजी करू नको.

तुझी,
वना


साकोली
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय वना,

जय भीम! म्हटलं होतं का नाही? प्लग! मी इथं खाटेवर बसून रायपूरच्या गाडीचा रोग ओळखला. बैठकीत तुझं पत्र दाखवलं. सगळे म्हनाले, हिरालालभाऊ, तुमचा हात अजून स्टेअरिंगवर आहे. खरं सांगतो, लय दिवसांनी छाती भरून आली.

तो कोळशाचा डबा काही मले पटला नाही. कोळसा रेल्वेच्या इंजिनात असे, बापा. त्या पोरीनं तुले काहीतरी सांगितलं. पन गाडी चालून राहिली ना, मंग झालं.

आता माझी बातमी. इथं नीलेश म्हनून एका पोट्ट्यानं ड्रायव्हिंग स्कूल काढली. तो बैठकीत येऊन म्हने, काका, आमच्या शिकनाऱ्या पोराले तुम्ही दोन शब्द सांगा. २० तारखेच्या रविवारी. फळ्यावर माझं नावपन लिहिलं. नोकरी सुटली तवापासून कोणी मले कामाचं काही विचारत नोयतं. घरात लोकेश बोलते ते मले ऐकू येत नाही, मी बोलतो ते त्याले ऐकाचं नसते. आता पंचवीस-तीस पोट्टे ऐकतील. मी नियम लिहून काढले. पेट्रोलचा नियम सगळ्यात वर ठेवला.

लोकेशची गाडी काल पंपावरून निघाल्यावर बंद पडली. त्याले म्हटलं, प्लग बदल, आत्याच्या गाडीचा हाच रोग होता.

तुझी वैनी बोलते का वनाले सांगा, दिवाळीले ये. मी म्हटलं, येईल तेव्हा येईल.

तुझा भाऊ,
हिरालाल


साकोली, तुझ्याच अंगणातून
१९ ऑक्टोबर २०२४

भाऊ,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तू समोर खाटेवर बसला आहेस आणि मी काय लिहिते म्हणून मान वाकडी करून पाहतो आहेस. थांब जरा, देते.

सकाळी रायपूरहून निघाले. एकटी. यशदीपला प्लांटवर गेल्यावर कळवलं, नाही तर त्यानं चावी लपवली असती. राजनांदगावला चहा प्याले, ट्रकांच्या मागं शिस्तीत राहिले, आणि तुझ्या दारात गाडी उभी केली तेव्हा तू अख्ख्या मोहल्ल्याला ओरडून सांगितलंस, "माझी वना आली! एकटी आली रायपूरवरून!" चारही टायर लाथ मारून पाहिलेस. इतकं खूश तुला मी वैनी घरात आली त्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं. आणि आता मला जे सांगायचं आहे ते बोलायचं म्हटलं तर ओरडावं लागेल, आणि सगळा मोहल्ला ऐकेल. म्हणून लिहिते.

भाऊ, प्लग चांगलेच होते. माझी गाडी तोंडोतोंड भरल्यानं बंद पडत होती. वाफेसाठी वर जागा लागते, ती मी पेट्रोलनं भरून टाकत होते आणि तेच पेट्रोल नळीतून त्या डब्यात जात होतं. श्रावणीनं पहिलाच प्रश्न विचारला, "कट के बाद और डलवाती हो क्या?" मी मान खाली घातली. लोकेशच्या गाडीचंही हेच होत असणार.

मागच्या पत्रात मी हे लपवलं. तू मला किती वर्षांनी काही शिकवलंस, आणि तेच चुकलं, हे लिहायला हात धजेना. मला वाटलं होतं, तुझ्या-माझ्यात राहील. पण उद्या तू तीस पोरांना हेच सांगणार. तिथं कुणी तुला हसलं तर मला सहन होणार नाही. म्हणून आले.

बाकी तुझे सगळे नियम मी पाळले. आज त्यांच्याच भरवशावर इथवर पोचले. रागावलास तरी जेवण झाल्यावर रागव, वैनीनं वांग्याची भाजी केली आहे.

वना

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला

वना, कट म्हंजे काय? ते पोट्टे हात थांबवतात ते?

नाही भाऊ, हात नाही. टाकी भरली की नळी स्वतः थांबते. तिच्या टोकाला तशी सोय आहे. कट्ट असा आवाज होतो.

आवाज होते?

हो. चांगला मोठा.

मले कधी ऐकू आला नाही. मले वाटे पोट्टे कंटाळा करून राहिले. कितीक पोट्ट्यांवर मी तिथं उभा राहून ओरडलो असन.

त्यांना कळत असेल, भाऊ.

नाई, त्याहीले काय कळनार. म्हातारा खवीस आहे म्हनत असतील. वना, आणखी काय काय आवाज होत असतील अन् मले मालूमच नाही?

वैनी रोज सकाळी गाते. तुला मालूम आहे?

कवापासून?

नेहमीच गाते. पण आता तुला ऐकू जात नाही म्हणून मोठ्यानं गाते.

राग नाही आला बाई. चाल, जेवू. उद्या क्लासात तू माझ्यासोबत ये. पयले मी बोलीन.


चौबे कॉलोनी, रायपूर
२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय भाऊ,

जय भीम. सुखरूप पोचले. कालच पोचल्याचा फोन लोकेशला केला होता, त्यानं सांगितलंच असेल.

तुझा क्लास माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तू उभा राहिलास, कागद खिशातून काढलास, पहिल्या ओळीवर पेन फिरवलंस आणि म्हणालास, "गाडी बोलते. तिचं ऐका. मले ऐकू येत नाही म्हनून मी चुकीचं सांगत होतो, माझ्या बहिणीनं रायपूरवरून गाडी आनून मले दुरुस्त केलं." आणि मला फळ्यापाशी ओढलंस! मी खडूनं टाकी आणि डबा काढला. मी काढलेली टाकी घागरीसारखीच दिसत होती. पण ती मागच्या बाकावरची पोट्टी उठून विचारायला लागली, कोळसा भरला की बदलावा लागतो का, आणि मी तिला सांगू शकले, नाही बाई, गाडी चालते तसा तो आपोआप मोकळा होतो. ऑफिसात इतकी वर्षं गेली पण मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. तुझ्या उताराच्या नियमाला तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुला दिसल्या ना?

घरी आले तर यशदीप फाटकात उभा. मी मनाशी म्हटलं, आता ऐकून घ्या. त्यानं गाडीला एक चक्कर मारली, किलोमीटर वाचले, आणि मोबाईल काढून माझ्यासमोर त्या प्लांटवाल्याला फोन लावला. "नहीं भैया, गाड़ी नहीं बेचनी. मम्मी की है." मग मला म्हणाला, "खाना मैंने बनाया है." खिचडी होती, खाली लागलेली. मी दोनदा घेतली.

आता डिसेंबरमधल्या सिरपूरचं सांग. येणार की नाही?

तुझी,
वना


साकोली
१ डिसेंबर २०२४

प्रिय वना,

जय भीम. मशीन आलं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाईनं कानात बसवलं अन् बोलली, "काका, कसं वाटते?" मी दचकलो. इतकं जवळून कोणी बोललं नोयतं. बाहेर आलो तं रस्ता म्हंजे बाप्पा! इतके हॉर्न कायले वाजवतात लोक?

घरी पयल्या दिवशी मी उगाच पडून राहिलो, सकाळी, डोळे मिटून. तुझी वैनी उठली, चूल्हा-गॅस केला अन् गाऊ लागली. तिले माहीत नोयतं का मशीन कानात आहे. आवाज आता जाड झाला तिचा. पन सूर तोच. मी उठलो नाही. पूर्ण होऊ दिलं. मंग म्हटलं, दुसरं कडवं राहिलं. तिच्या हातून कप पडला.

लोकेशच्या गाडीचा डबा बदलला. पंपावरच्या पोट्ट्याकडं जाऊन मी हात जोडले. तो म्हने, काका, तुम्ही कायले, अन् मले चहा पाजला.

सिरपूरले येतो. बाजूच्या सीटवर बसतो. पन बोलल्याशिवाय राहनार नाही, हे आधीच सांगतो.

तुझा भाऊ,
हिरालाल


साकोली
१२ जानेवारी २०२५

प्रिय वना,

जय भीम. यशदीपले, त्या श्रावणीले माझा आशीर्वाद सांग. तुझ्याकडून आलो त्याले पंधरवडा होत आला, पन लिहाले सवड मिळाली नाही. कारन पुढं सांगतो.

सिरपूर अजून डोळ्यात आहे. लाल विटांचे ते विहार, तो मोठा शांत बुद्ध, अन् थंडीचं ऊन. तुझी वैनी पायऱ्यावर बसली ती उठेचना. एवढ्या जुन्या काळी इथं लोक शिकाले येत, हे तू सांगितलं तवा मले नीलेशचा फळा आठवला अन् हसू आलं. जाताना आरंगच्या पंपावर ती नळी कट्ट बोलली, ते मी ऐकलं. तू मुद्दाम काच खाली केली होती, मले समजलं. अन् हो, बाजूच्या सीटवर बसून माझा पाय सारा वेळ ब्रेक दाबत होता. पन तू गाडी चांगली चालवतेस. वळनावर मी कुठंच चूक काढू शकलो नाही. काढाचा प्रयत्न केला होता.

आता इकडचं ऐक. घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी वैनी भाकरी थापता थापता बोलली, "वनाताई चालवते तं मी काहून नाही?" मले वाटलं गंमत करून राहिली. ती गंमत नोयती. लोकेशनं तिचं शिकाऊ लायसन काढून आनलं. फोटोत अशी बसली जशी काही आमदार.

रोज सकाळी लोकेशची गाडी घेऊन आम्ही बाजाराच्या मैदानात जातो. बाजार गुरुवारचा, बाकी दिवस मैदान मोकळं. मी बाजूले, ती स्टेअरिंगवर. पयल्या दिवशी क्लच सोडला अन् गाडी बेडकावानी उडाली. मी ओरडलो. तिनं गाडी बंद केली, हात मांडीवर ठेवले अन् म्हने, "ओरडाचं असन तं मशीन काढून ठेवा, मी पन तुमचं ऐकत नाही."  दुसऱ्या दिवशी पयला गेअर जमला. नंतर दुसरा. आता वळवते, थांबवते, मागंपन घेते, फक्त मागं घेताना डोळे मिटते. त्याचं काय करावं ते तू सांग.

आज सकाळी दोन चक्कर झाल्या. मंग तिनं मैदानाच्या मधोमध गाडी उभी केली अन् म्हने, "उतरा."

मी म्हटलं, "काहून? काय झालं?"

"काही झालं नाही. तुम्ही उतरा. मले एकटीले एक चक्कर मारू द्या."

उतरलो बाई. चिंचेखाली जाऊन उभा राहिलो. हात मागं बांधले, नाही तं ते आपोआप खुणा करत होते. ती निघाली. हळू, सरळ, आरसा पाहून. पलीकडच्या टोकाले तिनं गाडी वळवली अन् खिडकीतून हात बाहेर काढून मले हलवून दाखवला. नियमात बसत नाही ते. मीपन हात हलवला.

एक चक्कर म्हनाली होती. चार मारून आली.

तुझा भाऊ,
हिरालाल